उंदरांची पंगत

घोडेगावची एसटी जिथून माघारी वळते, त्या डोंगरातल्या वाडीत कुशाबाई राहते. बाई हट्टी, म्हणजे किती हट्टी! सगळी वाडी इंद्रायणी भाताकडं वळली, पण हिनं सासूनं दिलेलं रायभोगचं बी सोडलं नाही. यंदा त्या बियाला उंदीर लागले. पेरणीला महिना राहिलेला, बांबूच्या कणगीत तळाला दहा शेर बी उरलेलं. ते संपलं की वाडीतला रायभोग संपला.

नवरा बहिरू भला माणूस, पण त्याला दम म्हणून नाही. त्यानं औषध आणलं आणि बाजरीच्या पिठात कालवून ठेवलं. आता सांगा, डोंगरातल्या उंदरांनी बाजरी कधी बघितली होती? त्यांनी जरा चाखली, पोटात ढवळलं असणार, आणि पुन्हा त्या पिठाला तोंड लावलं नाही. कुशाबाईनं भोवती राख पसरून बघितली. पावलं पिठापाशी येत आणि वळसा घालून नीट कणगीकडं जात. तिनं बिनऔषधाची बाजरी ठेवली, तिचीही तीच गत.

मग तिला नवराच आठवला. बहिरूनं एका लग्नात जन्मात पहिल्यांदा श्रीखंड खाल्लं आणि नेमका त्याच दिवशी ओकला. वीस वर्षं झाली, अजून वास सोसत नाही. नाचणीच्या आंबिलीनं मात्र त्याला एकदा तीन दिवस आडवं केलं होतं, तरी चौथ्या दिवशी यानं आंबीलच मागितली. आईच्या मांडीवर असल्यापासूनची सवय ती!

कणगीखाली जन्मलेल्या उंदरांची मांडीवरची चव कोणती, हे तिला कळलं. तोवर बी आठ शेरांवर आलं होतं, तिनं सरळ त्यातलाच शेरभर भात काढून कांडला.

"बी उंदरांना चारती? याड लागलं का?" बहिरू म्हणाला.

"चारलं तर एक शेर जाईल. न्हाई चारलं तर आठच्या आठ जातील."

पाच दिवस तिनं उंदरांना थाळीत नुसताच रायभोग वाढला. शेजारचा हौशीराम पत्रावळ्या आणू का म्हणून विचारून गेला. तिनं आणा म्हणून सांगितलं, वर वाढायलाही बोलावलं. चौथ्या दिवशी राखेत मोठ्या पावलांशेजारी बारीक पावलं उमटली. आईनं पिल्लं आणली होती.  कुशाबाई चार लेकरांची आई, तिला वाईट वाटणारच. तरी सहाव्या दिवशी तिनं कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या आणि त्याच भातात औषध स्वतःच्या हातानं कालवलं.

थाळी रिकामी झाली. त्यानंतर राख आठ दिवस जशीच्या तशी राहिली.

सात शेर बी पेरलं. दिवाळीनंतर खळ्यावर नवा रायभोग मोजताना बहिरूनं पहिला शेर बाजूला काढून फडक्यात बांधला. कुशाबाईनं विचारलं, हे कुणाचं?

"उंदरांचं," तो म्हणाला आणि पुढचं माप भरायला लागला.