बशीपर्यंत चहा

"कमी कायले, बाई?" असं म्हणत तो चहा ओतायचा. कप भरला की उरलेला बशीत, बशी भरली की माझ्या टेबलावर.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. ऐंशी सालाच्या आसपास भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात मी सिस्टर होते आणि तो वॉर्डबॉय. अंगानं तुमसरच्या तांदळाच्या मिलमधला हमाल शोभेल असा. बादली काठोकाठ भरायचा आणि वॉर्डभर सांडत न्यायचा. एकदा माझ्या सायकलीत हवा भरायला सांगितली, तर ट्यूब फुटली. "रबरच कमजोर होतं," म्हणाला.

अशा माणसाच्या हातात एका सकाळी डॉक्टरांनी रबरी फुगा दिला. जवळच्या शहापूरची एक सून जमिनीवर निजली असताना तिला मण्यार चावली होती. सापाचं इंजेक्शन दिलं होतं, पण श्वास बंद पडला होता. श्वासाचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. घशात नळी, नळीला फुगा, आणि इंजेक्शन लागू पडेपर्यंत तो हातानं दाबत राहायचा.

"छाती जेमतेम हलू दे," डॉक्टर म्हणाले. "जास्त दाबलंस तर फुप्फुस फाटेल."

त्यानं पहिलाच दाब असा दिला की छाती पुरीसारखी टम्म फुगली. मी त्याचं मनगट धरलं.

"माझी ट्यूब आठव."

"एवढ्याशानं तिचं भागन का, बाई?"

"भागेल. अर्धाच दाब."

पाहुण्याला अर्धी भाकर वाढावी लागल्यासारखा त्याचा चेहरा झाला, पण हात ऐकू लागला.

मग खाटेच्या पायथ्याशी बसलेली तिची सासू उठली. "काहून गा, कंजुसी करून राहिला? माह्या सुनेले पोटभर हवा दे न."

त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी कंजूस म्हटलं होतं. कान लाल झाले. बोटं वळवळली. मला वाटलं, आता दाबतो.

"नाही, माय," तो म्हणाला. "जास्तीनं फुटते. बाईची ट्यूब मीनंच फोडली."

सासू माझ्याकडे वळली. "असा माणूस ठेवला कायले मंग?"

मी हात बदलायला गेले तर तो फुगा देईना. "तुम्ही जास्त दाबसान," मला म्हणाला.

दिवस कलताना सुनेनं आपणहून श्वास ओढला. अगदी लहान.

"अर्धाच घेतला," तो सासूला म्हणाला. "पोरगी समजदार आहे."

बादल्या त्यानंतरही सांडतच राहिल्या. पुढे तो निवृत्त होऊन गावी गेला. नवा माणूस चहा बेतानं ओतायचा. टेबल कोरडं, बशी कोरडी. कामाला बरंच पडायचं.

फक्त चहा लवकर संपायचा.