कानाला पोचलेला हात

मॅट्रिक झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती अहेरीकडच्या एका खेड्यात, बालवाडीची बाई म्हणून. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. गावात दुसरी शाळा नव्हती. चौथीपर्यंतची शाळा नाल्यापलीकडे, दोन कोसांवर.

माझ्या पटावर एकवीस नावं होती. चौदा गावातली, धान पिकवणाऱ्यांची. सात जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे गोंडांच्या छोट्या वस्तीवरची. त्या सातांतली एक मुलगी बाकीच्या सहांना घेऊन येई. कमरेवर धाकटा भाऊ, मागे एकामागे एक पोरं. मी मराठीत सांगे ते ती गोंडीत सांगे, आणि पोरं हसत. काय सांगे कोण जाणे.

स्वयंपाकाची मावशी म्हणे, "बाई, खरी बाई तं थेच हाय. तुमी नुसत्या पगाराच्या!"

पट विसाच्या खाली गेला तर बालवाडी बंद, आणि सहा वर्षांवरचं मूल पटावर नको, असे नियम होते. तपासणीआधी मी वयं लिहायला बसले. टोल्यावर कुणालाच तारीख ठाऊक नव्हती. "मोह फुलला होता तवा झाली," एवढंच. म्हणून आमच्याकडची जुनी रीत केली. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. हात पोचला की मूल शाळेच्या वयाचं. याच रीतीने मास्तरांनी मला पहिलीत घेतलं होतं, तेव्हा माझ्या बापाने गूळ वाटला होता.

पोरांना घेऊन येणाऱ्या त्या मुलीचा हात सहज पोचला. कान धरून ती हसत उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या, पोरांनीही वाजवल्या. मग मी तिचं नाव खोडलं. वीस तरी उरत होती.

दुसऱ्या दिवसापासून टोल्यावरचं कुणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा बाप दारात उभा.

"पोरीनं काई चोरलं का, बाई?"

"नाही हो भाऊ. मोठी झाली ती. आता नाल्यापलीकडच्या शाळेत घाला."

"एकटीले? जंगलातून?" तो म्हणाला. "अन् ह्या लहान्याइले कोन आनन?"

मी पट उघडला. पण नाव परत लिहायचं धाडस झालं नाही. नियम पाळायला मला शाळेनेच शिकवलं होतं. त्या शिक्षणावर मी पुढे बी.ए. झाले, घरातली पहिली, आणि ते उपकार विसरत नाही. पण तपासणीला चौदाच मुलं बसली होती. उन्हाळ्याआधी बालवाडी बंद झाली.

गाव सोडण्यापूर्वी मी टोल्यावर गेले. मोहाच्या झाडाखाली पोरं बालवाडी खेळत होती. ती मधे उभी राहून एकेकाला कान धरायला लावत होती. त्यातल्या थोराड पोराचा हात आता पुरत होता, मला लांबूनही दिसलं. पण कानाजवळ येताच त्याने बोटं मुडपून घेतली, आणि तिने त्याला बसू दिलं.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.