पिकलेला पाय

माझ्या चपलांच्या दुकानात रोज संध्याकाळी येऊन बसणारा आणि जन्मात एकदाही चप्पल विकत न घेतलेला माणूस म्हणजे पायदळ. हे नाव मीच ठेवलं. रोह्याच्या बाजारात ते असं चिकटलं की त्याच्या बायकोनेही एकदा फोनवर विचारलं, आमचे पायदळ आलेत का हो भाई तिकडे? धंद्याच्या जागी अनवाणी माणूस बसवून ठेवणं म्हणजे सलूनच्या दारात जटावाला साधू बसवण्यासारखं. गिऱ्हाईक चप्पल घालून बघत असलं की हा आपला खडबडीत तळवा वर करायचा आणि म्हणायचा, "आमची जोडी बघा. अजून टाका उसवला नाय." चांगली चार गिऱ्हाइकं त्याने पळवली असतील माझी.

तो धरमतरच्या खाडीकाठचा, मिठागरातल्या घरातला. तिथे पोर चालायला लागलं की खाऱ्या पाण्यात उतरतं. तळवे चिरतात, चिरांत मीठ जातं, पोर रडतं. मग आई समजूत काढते की पाय पिकला की लागायचं नाय. एखाद्याच्या तळव्याला काटा, काच, तापलेली जमीन काहीच जाणवेनासं झालं की त्याचा पाय पिकला असं ही माणसं म्हणतात, आणि मोठ्या मानाने म्हणतात. पायदळच्या बापाचा पाय पिकलेला होता. याचा पिकायच्या आतच मिठागर बंद पडलं, हा रोह्याला कंपनीत लागला आणि वरसेला घर केलं. लोकांना शिक्षण अर्धवट राहिल्याची खंत असते, याला पायाची होती.

कंपनीत सेफ्टी शूज सक्तीचे. शिफ्ट सुटली की हा गेटाबाहेर बूट काढायचा, नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवायचा आणि वरसेपर्यंत धावत सुटायचा. कुत्री मागे लागायची ती त्या बुटांच्या वासाने, असं माझं स्पष्ट मत. लग्नातसुद्धा हा अनवाणीच उभा राहिला. नवरदेवाचे बूट पळवायला टपलेल्या मेहुण्या मांडव उठेपर्यंत शोधत राहिल्या. हा किस्सा सांगताना वहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग अनवाणी धावायचं खूळ आलं. कंपनीतल्या साहेब लोकांनी मोबाइलवर काय काय पाहिलं आणि पायदळला गुरू केलं. दर रविवारी ही वरात वरसेहून निघून कोलाडवरून खांब गावापर्यंत जायची. साहेबांच्या पायांत पाच बोटांचे, कागदाएवढ्या पातळ तळाचे बूट. ते मीच मागवून दिले होते, धंदा तो धंदा. पायदळने त्यातला एक उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "भाई, एवढा खर्च करून शेवटी अनवाणीच राहायचं हाय ना?" खांबला चहा पिताना साहेब पाय चोळत कण्हायचे आणि हा त्यांना सांगायचा की घाई करू नका, पिकायला वेळ लागतो.

त्याच सुमारास त्याला साखर निघाली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चार दिवस घेतल्या आणि सोडल्या. जो माणूस एवढा धावतो त्याच्या अंगात साखर राहीलच कशी, हा त्याचा हिशेब. मी भांडलो, वहिनी रडल्या. उपयोग शून्य.

आणि एके दिवशी हा पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आला. साखरेचा माणूस आणि हातात पेढे, माझं डोकंच फिरलं. पण चेहरा असा फुलला होता की नात झाली की काय, असं मी विचारलं.

"पाय पिकला, भाई," तो म्हणाला. "भर दुपारचा डांबरावरून आलो, काय पन लागला नाय. बापासारखा झाला बघ."

त्याचे डोळे भरून आले होते. आयुष्यभर वाट बघितलेली गोष्ट मिळाल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. पेढा खाल्ला. मलाही आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

पुढे हायवेच्या रुंदीकरणाचं काम चालू असताना एका रविवारी तो खांबहून परस्पर दुकानात आला. स्टुलावर बसला, आणि माझं लक्ष फरशीवर गेलं. दारापासून स्टुलापर्यंत रक्ताचे ठसे. मी काही बोलायच्या आत तोच विचारायला लागला, कुणाला लागलं रे? एका बाईंबरोबर आलेल्या पोराचे पायसुद्धा त्याने वाकून तपासले. शेवटी मी त्याचाच तळवा वर केला. बांधकामाच्या तारेचा तुकडा चांगला खोल घुसला होता. तारेकडे बघून तो हसला. ते हसू आठवलं की मला अजून राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

तार उपसून तो घरी गेला आणि मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसला. मिठागरातली माणसं प्रत्येक जखमेला हेच करतात. पुढच्या रविवारी पुन्हा धावला. दुखत नाही म्हणजे भरतंय, असं त्याला वाटत राहिलं. वास यायला लागला तेव्हा वहिनींनी ओढत पेणच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा पाय पिकलेला वगैरे काही नाही, साखरेने त्यातली जाणीव मेली आहे, ती कधीचीच मेली आहे, आणि आता पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. पायदळने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "म्हंजे मी पेढे वाटले तवा पन मेलेलीच व्हती?" बाई हो म्हणाल्या. त्याने मान भिंतीकडे वळवली.

रबरी पाय बसवल्यावर तो पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून माझ्याकडे आला. उरलेल्या पायात जन्मभर चप्पल हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मऊ तळाची जोडी काढली. त्याने एकाच पायात घातली आणि रबरी पायाची परत केली. "यो ऱ्हाऊंदे अनवाणी," म्हणाला, "ह्याला तरी काय व्हायचं नाय." आम्ही दोघंही हसलो. तो जरा जास्तच वेळ हसला.

धावणं गेलं आणि माणूस खचला. पुढे उरलेल्या पायालाही जखम झाली, विष अंगभर पसरलं. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला खाडीकाठी गावाला नेलं. खांदा देणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हापासून माझ्या दुकानात एक कायदा आहे. जरा पोक्त गिऱ्हाईक आलं की आधी त्याला डोळे मिटायला लावतो, तळव्यावर अंगठा दाबतो आणि विचारतो, कुठे लागलं सांगा. काही हसतात. काही, चपला विकतोस की डॉक्टरकी करतोस, म्हणून उठून जातात. जाऊ देत.

गेल्या महिन्यात वहिनी आल्या. त्याही मिठागरातल्याच. लहानपणापासून मिठाच्या पाट्या वाहिलेल्या, घराच्या आसपास अजून अनवाणी वावरणाऱ्या. मुलगी मागे लागली म्हणून चप्पल घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना बसवलं, डोळे मिटायला सांगितले. माझा कायदा त्यांना ठाऊक होता, मुकाट्याने मिटले. मी समोर उकिडवा बसलो. टाचेवर अंगठा दाबला, मग चवड्यावर. त्या हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या होत्या. मी आणखी जोर दिला, नख रुतेल इतका.

"लावा ना भाई हात," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "किती वेळ बसवून ठेवताय?"