भावी सरपंचांचा चेहरा

नेत्याची प्रतिमा लोकांच्या हृदयावर कोरलेली असते. आमच्या गावच्या भावी सरपंचांना ती काळ्या टी-शर्टांवरही हवी होती, म्हणून ते अंबडला माझ्या छपाईच्या दुकानात आले.

मी म्हणालो, "दादा, चेहरा आधी कागदावर छापून मग गरम दाबानं कापडावर उतरवतो. काळ्या कापडाला हा जाड कागद घ्या. पातळ कागद पांढऱ्या कापडासाठी असतो, त्याची छपाई काळ्यावर दिसत न्हाई."

त्यांनी जाड नमुन्यावरून अंगठा फिरवला. "हे तर रबरावानी लागून राह्यलं. माझा चेहरा रबराचा करता का? मऊवालाच लावा."

त्या चेहऱ्यात मऊ असं मला काही आढळलं नव्हतं, तरी पातळ कागदच लावला. प्रचारफेरीत कार्यकर्त्यांच्या छातीवर उन्हात नुसता चकचकीत चौकोन दिसत होता. चेहरा कुणालाच दिसला नाही.

दादा निवडून आले.