राणीचा अंबाडा

रविवारी दुपारी कुरियर आलं आणि मी ते चक्क शर्टाच्या आत लपवलं. पनवेलमध्ये, स्वतःच्याच घरात, चोरासारखं...

मला जुनी रोमन नाणी जमवायचा नाद आहे, तीसुद्धा फक्त राण्यांची. मित्र म्हणतात, त्यापेक्षा कर्नाळ्याला जाऊन पक्षी बघ, फुकट असतात.

या नादात माझी बायको सुगंधाही तेवढीच सामील. ती मूळची ओवे गावची, लग्नात नवरीमुलींचे केस बांधून देते, पार जासईपर्यंत. आणि नाण्यांवरच्या राण्या ओळखायच्या त्या बऱ्याचदा अंबाड्यावरूनच... त्यामुळे नवीन नाणं आलं की भिंग आधी तिच्या हातात. "हिने गंगावन लावलंय बघा," असं म्हणत आमच्या दुपारी मजेत जायच्या.

मग तिची केमो सुरू झाली. केस गेले. डोक्याचा स्कार्फ ती माझ्यासमोरही सोडेना, आणि मी नाण्यांचा डबा कपाटात ठेवून दिला. केसांचा विषयच नको...

कुरियरने आलेलं हे नाणं मात्र त्याआधीच मागवलेलं. बाथरूममध्ये जाऊन उघडलं, तर आणखी पंचाईत. फोटोत बरं दिसत होतं, पण राणीचे केस पार झिजलेले. नाण्यावर तो भाग उंच असतो, म्हणून आधी तोच जातो. नाक, हनुवटी, मान जागच्या जागी... डोकं गुळगुळीत.

बाहेर आलो तर सुगंधा दारातच उभी.

"तुमी काय लपवताय? बघू."

काय करणार... दिलं. तिने ते खिडकीपाशी नेलं, त्यावरून अंगठा फिरवला.

आणि मग ती हसली. "आवो, हिचे पण गेले! पण मान बघा कशी ताठ हाय. ही राणी नाय असं कोण बोलेल?"

तिने स्कार्फ सोडला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि डबा मागितला. मला इतकं भरून आलं की कपाटातला समोरचाच डबा मी उगाच शोधत बसलो.

राणी कोणती, ते काही केल्या दोघांनाही ओळखता येईना. डब्यात नाण्यासोबत ठेवायच्या चिठ्ठीवर काय नाव घालू, असं विचारलं, तर म्हणाली, "माझंच लिवा."

लिहिलं. नाण्यावरच्या त्या बाईचं खरं नाव काय होतं कोण जाणे... पण तिचे आभार मानल्याशिवाय डबा बंद करवेना.