काच नसलेली मोटार

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गावचा होता, तेही कधी कधी सांगता येत नाही. या मोटारीचे प्रकरण मात्र दिवसावार आठवते, कारण त्यातली पहिली चूक माझी होती.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता. आमच्याकडचे छापील नमुने अजून जुन्या मध्य प्रदेश सरकारचे होते. त्यावरचे नाव खोडून आम्ही नवे लिहीत असू. दिग्रसहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा बराच भाग माझ्या ठाण्याच्या हद्दीत होता. हाताखाली एक जमादार आणि सात शिपाई. वाहन एकही नाही.

कापसाचा हंगाम होता. एका गुरुवारी दिवस कलताना एक बाई बैलगाडीतून ठाण्यावर आली. गाडीत तिच्या नवऱ्याचे प्रेत होते. दोघेही रस्त्याच्या कामावर मजूर. दुपारी तो वळणावर खड्ड्यात मुरूम भरत होता आणि ती थोड्या अंतरावर टोपले उचलत होती, तेवढ्यात दिग्रसकडून मोटार आली आणि त्याला उडवून गेली. दवाखान्याच्या वाटेवर तो गेला.

जमादार फिर्याद लिहून घेत होता, मी शेजारी बसलो होतो. बाई रडत नव्हती. जमादाराने जातीच्या रकान्यात नेहमीप्रमाणे जुने नाव लिहिले आणि वाचून दाखवले. ती म्हणाली, "ते खोडा. आमी दसऱ्याले नागपूरले जाऊन आलो. बौद्ध लिवा." त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, त्याने खोडून लिहिले.

मोटार लाल, बुटकी, वरून उघडी, असे तिने सांगितले. तालुक्यात तशी एकच मोटार होती. दिग्रसच्या एका जिनिंग मिलच्या मालकाच्या मुलाने ती विलायतेहून मागवली होती आणि महिन्याभरापूर्वीच ती आली होती. मोटार पुढे जाऊन थांबली, चालवणाऱ्याने मागे वळून पाहिले आणि तो निघून गेला, असेही ती म्हणाली.

"चेहरा दिसला?"

"डोळ्यावर मोठा चष्मा होता. पण मानूस छातीपासून वर सारा दिसे. गाडीले समोर काच नोती."

मी ती मोटार बाजारात दोनदा पाहिली होती. तिला चांगली उंच काच होती. नवऱ्याला डोळ्यांदेखत उडालेला पाहिल्यावर माणसाला काय दिसले आणि काय नाही, याचा भरवसा नसतो, असे मला वाटले. मी जमादाराला म्हणालो, "काचेबाबत नक्की सांगता येत नाही, असे लिही." त्याने लिहिले. बाईने अंगठा दिला. ते वाक्य तिला वाचून दाखवले गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिलवर गेलो. मालक घरी नव्हते, मुलगा होता. पंचविशीतला, सहा फुटांवर उंच, बोलायला सभ्य. मी विचारण्याच्या आधीच घरचा ड्रायव्हर पुढे आला. पन्नाशीचा, ठेंगणा, तीस वर्षे त्याच घरात नोकरी. तो हात जोडून म्हणाला की गाडी त्याने फिरवायला नेली होती, माणूस आडवा आला, तो घाबरून पळाला. मोटार शेडमध्ये उभी होती. पुढचा डावा पत्रा चेपला होता, रेडिएटरमधून पाणी गळत होते. समोरची काच शाबूत होती. पंचनाम्यात मी तसे लिहिले आणि बाईचे बोलणे चुकीचे होते याची मला खातरी पटली. मिलच्या लॉरीला बांधून मोटार ठाण्याच्या आवारात आणली.

चौकशीत ड्रायव्हरने सगळे सरळ सांगितले. कुठून निघाला, कुठे धडक बसली, किती वाजता परत आला. चार वेळा विचारले, चारही वेळा तेच शब्द. आज मला माहीत आहे की खरे सांगणारा माणूस दर वेळी थोडे वेगळे सांगतो. त्या दिवशी मला ते सोयीचे वाटले. एकच गोष्ट खटकली. गुन्हा जामिनाचा होता आणि मिलचा माणूस जामिनाला तयार होता, पण ड्रायव्हर नको म्हणाला.

"काहून?" जमादाराने विचारले.

"बाहेर गेलो तं लोक विचारतीन," एवढेच तो बोलला आणि कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला.

शनिवारी कोर्टाकडून त्याची कोठडी वाढवून घेतली होती. सोमवारी त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करून कबुली नोंदवायची होती. एकदा ती नोंदली की तपास संपल्यात जमा. वरच्या कार्यालयातूनही निरोप आला होता की कबुली आहे तर उगाच लांबवू नका.

रविवारी सकाळी मिलचा कारकून आला. सायकल बाहेर न ठेवता आत घेऊन आला, तेव्हाच मी समजलो की हा माणूस चोरून आला आहे. त्याने कोटाच्या आतून कागदांची जाड घडी काढली. मोटारीच्या मागणीची पत्रे होती ती. विलायतेहून आलेली आणि इकडून गेलेल्यांच्या कार्बन प्रती.

"मी काही सांगत नाही, साहेब," तो म्हणाला. "माझी चार पोरं त्या मिलवर जगतात. तुम्ही फक्त हे वाचा."

आठ महिन्यांचा तो पत्रव्यवहार त्यानेच टाईप केला होता. मुलाला शर्यतींचा नाद होता. लढाईच्या दिवसांतल्या विमानांच्या ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर तेव्हा मोटारींच्या शर्यती होत, आणि त्याला मोटार रोजच्या रस्त्यावर चालणारी आणि शर्यतीत पळणारी, अशी दोन्ही हवी होती. कंपनीने लिहिले होते की काय ते एक ठरवा. मुलाने कळवले की दोन मोटारी आणायला परवाना मिळणार नाही, तेव्हा एकीतच दोन्ही करून द्या. मग कलमे ठरली. शर्यतीच्या वेळी टप आणि समोरची काच हाताने काढता यावी, चार पेचांवर बसवलेली. चालकाची बैठक हलकी, मागेपुढे न सरकणारी, मालकाच्या मापाची. पेडलेही त्याच मापाने. त्यासाठी कंपनीने मापांचा एक नकाशा पाठवला होता.

"माप मीच घेतलं," कारकून म्हणाला. "मिलच्या ऑफिसात, शिंप्याची टेप आणून. कमरेपासून टाचेपर्यंत."

बोलताना त्याच्या आवाजात जरा अभिमान आला आणि लगेच गेला. मग खाली मान घालून त्याने आणखी एक सांगितले. गुरुवारी संध्याकाळी त्याने ड्रायव्हरला शेडमध्ये मोटारीची काच बसवताना पाहिले होते.

तो गेल्यावर मी फिर्याद काढून ते एक वाक्य पुन्हा वाचले. नंतर आवारात जाऊन मोटारीवरची ताडपत्री काढायला सांगितली. काचेच्या बुडाशी चार पेच होते. बोटांनी फिरवले तर फिरले.

मी शिपाई पाठवून मुलाला बोलावून घेतले. मुद्देमालाबाबत विचारायचे आहे, असा निरोप दिला. दोन पंच बोलावले. बाईला मुद्दाम बोलावले नाही; ओळखीचे पुढे रीतसर करायचे होते, आधीच समोरासमोर आणले असते तर कोर्टात टिकले नसते. दुपारी मुलगा आला. कपडे परीटघडीचे होते, पण तीन दिवस झोपला नसावा असा चेहरा होता.

ड्रायव्हरला कोठडीतून आणले. मी त्याला मोटारीत बसून क्लच दाबायला सांगितले. तो बसला. पाय पुढे केला. बुटाचे टोक पेडलला लागले, पण पेडल दबेना. तो बैठकीत खाली घसरला तेव्हा पेडल अर्धे गेले, पण मग त्याचे डोळे हातातल्या चाकाच्या खाली आले. जमादाराने घडी घातलेले कांबळे पाठीशी दिले. त्या अरुंद बैठकीत कांबळे ठेवल्यावर तो पुढे ढकलला गेला, चाक पोटात रुतले आणि वळवायला कोपर हलेना. कांबळे काढले, पुन्हा ठेवले, एकाची दोन कांबळी करून पाहिली. पंच बघत होते. ड्रायव्हरला घाम फुटला होता. "माही रोजची सवय वेगळी हाय," असे तो पुटपुटला, पण कोणाकडे बघून नाही.

मी त्याला उतरवले आणि मुलाकडे वळून म्हणालो, "आता तुम्ही बसा."

मुलगा हलला नाही. वकिलाला बोलवायचे तो म्हणाला असता तर मला थांबावे लागले असते, आणि त्याच्या ओठांवर ते आले होते असे मला वाटते. पण त्याच्या आधी ड्रायव्हर बोलला. अगदी हळू.

"बाबू, बसू नका."

त्या तीन शब्दांत सगळे आले होते, आणि ते ज्याने उच्चारले त्याच्याही ते ध्यानात आले. तो मोटारीच्या चाकाशी खाली बसला. मुलाने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हे तेव्हा गाडीत नव्हतेच," तो म्हणाला. "मीच होतो. शर्यतीला दोन आठवडे होते. काच काढून वेग पाहायला गेलो होतो." मग म्हणाला, "मी थांबलो होतो, साहेब. ती बाई धावत येताना दिसली. मी उतरलो नाही."

पोलिसासमोरच्या अशा बोलण्याला कोर्टात किंमत नसते. म्हणून पुढे मी पत्रे, मापे, पेच आणि कारकुनाची साक्ष यांवर खटला उभा केला. मॅजिस्ट्रेटसमोर ओळखपरेड झाली, तिथे बाईने मुलाला ओळखले. ड्रायव्हरला सोडताना मी विचारले की कोणी धमकी दिली होती का, की काही देऊ केले होते. तो म्हणाला, "मोठ्या मालकानं सांगतलं, पन त्यायनं नसतं सांगतलं तरी मी आलो असतो. त्याले मीच शिकवलं ना चालवाले. माह्या मांडीवर बसून चाक धरे थो." खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई करता आली असती. मी केली नाही. वरून खुलासा मागितला गेला, तो दिला.

यवतमाळच्या कोर्टात बचावाच्या वकिलाने नेमके ते वाक्य धरले. बाई आज म्हणते काच नव्हती, फिर्यादीत म्हणते नक्की सांगता येत नाही. मग तिच्या ओळखण्यावर विश्वास काय ठेवायचा? त्याने फिर्याद वाचून दाखवली. ते वाक्य ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मी असं बोललीच नाई," ती म्हणाली. "काच नोती, असंच सांगतलं. लिवणाऱ्यानं दुसरं लिवलं."

वकील हसला. कोर्टातही दोघेचौघे हसले. ती पिंजऱ्याचा कठडा धरून तशीच उभी राहिली.

तिच्यानंतर माझी साक्ष होती. फिर्याद फिर्यादीच्या सांगण्याप्रमाणे लिहिली का, असे वकिलाने विचारले. ठाणेदार या प्रश्नाला हो म्हणतो. दुसरे उत्तर मी कधी ऐकले नव्हते. हो म्हटले असते तर बाई खोटी ठरली असती. नाही म्हटले तर माझ्या कामाच्या नोंदीत काय येईल, हे मला माहीत होते. मी शपथेवर सांगितले की तिने काच नव्हती असेच सांगितले होते, ते वाक्य मी माझ्या समजुतीने बदलायला लावले आणि तिला वाचून दाखवले नाही. मॅजिस्ट्रेटने लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले आणि मग ते लिहून घेतले.

मुलाला शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. निकालपत्रात माझ्यावर ताशेरे होते आणि माझी बढती दोन वर्षे मागे पडली. त्याबद्दल मला तक्रार नाही.

पुढे मोठे गुन्हे आले, खून आले, दरोडे आले. त्यांतून तपासाची कला शिकलो असेन. पण या प्रकरणाने शिकवले ते वेगळे. ड्रायव्हरचे खोटे मी ताबडतोब मानले, कारण ते माझ्यासमोर उभ्या असलेल्या मोटारीशी जुळत होते. बाईचे खरे मी खोडायला लावले, कारण ते जुळत नव्हते. मोटारीची काच निघते का, हे पाहायला मला एक मिनिटही लागले नसते. जातीच्या रकान्यातला एक शब्द चुकला तर प्रेत दाराशी असताना जी बाई तो दुरुस्त करून घेते, ती बाकीचेही तोलूनच बोलत असणार, एवढे तरी मला त्या संध्याकाळी कळायला हवे होते. पुढच्या सगळ्या नोकरीत माझ्या ठाण्यात कोणाचाही अंगठा घेण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवले जाई, आणि वाचणारा मी असे.