बिनसोन्याचा घाम

सकाळच्या पाळीला फौजदारीण गेटवर पोचायची तेव्हा रात्रपाळीचा पैलवान जॅकेट काढत असायचा, आणि तिच्या दिवसातला सगळ्यात घाणेरडा क्षण तोच. जॅकेट म्हणजे थंडीचं नव्हे. छातीवर बांधायचं, पुढे खिशांची रांग असलेलं: एका बाजूला पिस्तूल, मध्ये गोळ्यांची दोन मॅगझिनं, वर वायरलेस, खाली टॉर्च. पैलवान रात्रभर ते घालून पहारा द्यायचा, म्हणजे खुर्चीत घोरायचा. सकाळी तिच्या हातात यायचं ते कोमट आणि ओलं. खांद्याच्या पट्ट्यांवर मिठाचे पांढरे डाग, खिशात हमखास तंबाखूचा चुरा.

"घ्या मावशी, गरमागरम," असं वर दात काढून म्हणायचा.

ती त्याची मावशी नव्हती आणि फौजदारही नव्हती. सोनं शुद्ध करणाऱ्या कारखान्याच्या गेटवरची ती हत्यारी पहारेकरीण. सगळ्यांना धाकात ठेवते म्हणून कामगारांनी तिला ते नाव ठेवलं होतं, आणि तिलाही ते मनातून आवडायचं.

पूर्वी ज्याचा त्याचा कातडी पट्टा होता, कंबरेचा. सगळं सामान त्यालाच अडकवायचं. पट्ट्याचं एक बरं होतं, तो दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागत नसे. तिचा पट्टा अजून कपाटात होता आणि तो बांधायला मनाईही नव्हती. "कंबरेला बांधा नाहीतर छातीला, ज्याची त्याची मर्जी," असं साहेबांनी जाहीर केलं होतं. मोठे उदार! पण इतकी वर्षं ते ओझं कंबरेला आवळून तिची उजवी मांडी बधिर झाली होती. चिमटा काढला तरी कळेना. डॉक्टरांनी बजावलं, कंबरेवरचा भार उतरवा, नाहीतर पाय दगा देईल.

आणि पायानं दगा देऊन चालणार नव्हतं. दर सहा महिन्यांनी परीक्षा व्हायची. पटांगणाला फेरी मारून धापा टाकत नेम धरायचा. मागच्या खेपेला ती धावता धावता कोलमडली होती, तेव्हा बुटाच्या नाडीवर ढकलून वेळ मारून नेली. नापास झालेल्याचं पिस्तूल काढून घेत आणि त्याला कामगारांच्या चपला सांभाळायला बसवत. तसा एक बसलेला तिनं पाहिला होता. चांगला मिशाळ गडी, आता मान वर करून बोलत नव्हता. घरी ती आणि धाकटी जाऊ, दोघीच. तिचा पगार होता म्हणून चूल पेटत होती. पण खरं सांगायचं तर तिला पगाराइतकीच त्या पिस्तुलाची चाड होती.

म्हणून छातीचं जॅकेट. पायाला आराम पडला, पण नाकाला नरक. गेटला एक जॅकेट आणि पाळ्या तीन. जाऊबाईंची दशा बघून धाकटीनं आतून गुंडाळायला जुना टॉवेल दिला. तासाभरात टॉवेलही पैलवानाचा झाला.

ती धुलाईघरात गेली. आतल्या कामगारांचे एप्रन तिथे रोजच्या रोज धुतले जायचे. त्यांच्यावर सोन्याची धूळ बसते, म्हणून धुतलेलं पाणीसुद्धा गाळून ठेवत.

"एवढं एक धुऊन द्या की," ती म्हणाली.

"गेटवरचं कापड आत घेत नाही, बाई," धुलाईवाला म्हणाला. "तुमच्या मळातून काय निघणार?"

"बरोबर. आमच्या घामात सोनं कुठलं!"

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. तिच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. तशीच ती साहेबांकडे गेली.

"बाई, वास येतो ही काय तक्रार झाली?" साहेब फायलीतून डोकं न काढता म्हणाले. "बजेट नाही. नको असेल तर पट्टा आहेच की."

पट्टा आहेच की! मांडी याची बधिर झाली असती म्हणजे कळलं असतं. ती गेटवर परत आली.

मग एके दिवशी मालक पाहुण्यांना घेऊन येणार असं कळलं. सकाळी गेटवर साहेब स्वतः हजर, हातात तीन नवी कोरी जॅकेटं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. तिन्ही पाळ्यांना एकेक. जुनं पोत्यात कोंबून टेबलाखाली ढकललं.

"ही कधी आली?" तिनं विचारलं.

"जुन्याबरोबरच. खास प्रसंगाला ठेवली आहेत."

म्हणजे ती दुसऱ्याचा घाम पुसत होती तेव्हा ही बंद कपाटात सुखानं लोळत होती! तिला इतकी शिसारी आली की पैलवान त्यापुढे स्वच्छ वाटला. पण तिनं जॅकेट घातलं. कोरडं. खांद्याच्या पट्ट्या तिच्या मापाला आवळल्या, कुणी सैल करणार नव्हतं. दिवसभर ती ताठ उभी राहिली. पाहुण्यांनी फोटो काढले, मालकांनी मान डोलावली.

दुपारी पाळी सुटली. साहेब प्लॅस्टिकची पिशवी उघडून उभेच होते.

"काढा, बाई. घडी घालून ठेवतो. वापरून खराब होतात."

तिनं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. मग दोन्ही मॅगझिनं, वायरलेस, टॉर्च. सगळं परत दिल्याची सही केली. जॅकेट काढलं नाही.

"अहो, जॅकेट!"

"माझा घाम लागलाय त्याला," ती म्हणाली आणि गेटबाहेर पडली. रस्त्यानं लोक बघत होते. छातीवर रिकामे खिसे फडफडत होते. परीक्षेची वाट न बघता उद्याच आपल्याला चपलांपाशी बसवतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भीती वाटत होती, पण परत फिरावंसं एकदाही वाटलं नाही.

घरी येताच ती मोरीत बसली आणि साबण लावून जॅकेट खसाखसा घासायला लागली. तेवढ्यात धाकटी फोनवर तळहात दाबून दारात आली.

"जाऊबाई, तुमचे साहेब. म्हणतात, ते जॅकेट आत्ताच्या आत्ता परत आणा, नाहीतर पिस्तूल विसरा."

तिनं जॅकेट पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं.

"सांग त्यांना, ओलं आहे. वाळलं की घालून येते."